मोटरहोमसाठी हलकी पण टिकाऊ क्रॉकरी: मेलामाइन, ओपल काच की सरळ स्टील?

चाकावरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी एक जुनं मोटरहोम घेतलं. घेताना इंजिन बघितलं, छत कुठे गळतंय का ते बघितलं, गाद्या उचलून खालच्या फळ्या दाबून बघितल्या. ताटल्यांचा विचार तेव्हा कोण करतं? घरात चिनी मातीचा एक सहा जणांचा सेट पडून होता. तो उचलला, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या कपाटात रचला आणि निघालो.

तिसरी सहल. साधं डावं वळण, वेगही काही फार नव्हता, आणि मागून असा आवाज आला की मला वाटलं कोणीतरी येऊन ठोकलं. गाडी बाजूला घेतली. कपाटाचं दार सताड उघडं, आणि तुकडे न्हाणीघराच्या उंबऱ्यापासून थेट ड्रायव्हरच्या सीटपर्यंत. सहापैकी चार मोठ्या ताटल्या गेल्या, तीन वाडगे गेले. एक मग मात्र उडून गादीवर पडला आणि ओरखडासुद्धा न येता वाचला. त्याच मगात चहा केला, तो प्यायला आणि मग झाडू हातात घेतला.

घरी आल्यावर उरलेलं सामान वजनकाट्यावर ठेवलं आणि हिशेब मांडला. मोठी ताटली ८२० ग्रॅम, छोटी ४३०, वाडगा ४८०, मग ३९०. प्रत्येकी सहा धरले तर १२ किलो ७२० ग्रॅम. म्हणजे आम्ही दोन माणसं जवळजवळ तेरा किलो चिनी माती डोक्यावरच्या कपाटात घालून फिरत होतो! आमच्या गाडीची मर्यादा ३५०० किलो. पाण्याची टाकी भरली, दोन सायकली लावल्या, की भरायला वजन उरतच नाही. अलीकडे मी शँपूच्या बाटल्यासुद्धा अर्ध्या करून नेते, त्यामुळे हे तेरा किलो जास्तच लागले.

तर प्रश्न असा. हलकं हवं, फुटणारं नको. पण सहलीला नेतात तसल्या लवचिक प्लास्टिकवर महिना महिना जेवायचं माझ्या जिवावर येतं. आम्ही वर्षातले चारेक महिने गाडीत असतो, म्हणजे ते घरच झालं. मायक्रोवेव्ह आहे, पण बाहेरची वीज जोडलेली असेल तेव्हाच चालतो. भांडी हातानेच घासायची, आणि तीही थोड्या पाण्यात. तुम्ही काय वापरता? आणि काय घेऊन पस्तावलात? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आधी द्या, ती जास्त उपयोगी पडतात.

उनाडटप्पू

मेलामाइन घ्या, म्हणजे ते कडक प्लास्टिक, विषय संपला. सहा वर्षं तोच सेट आहे. एकदा तर गाडीच्या पायरीवरून खाली दगडावर पडला, टवकासुद्धा उडाला नाही. दिसायला चिनी मातीसारखा, वजन त्याच्या एक तृतीयांश.

स्टीलप्रेमी

स्टील. फुटत नाही, डाग धरत नाही, वास धरत नाही, वीस वर्षांनी भंगारात घातलं तरी किंमत येते. लोक उगाच डोकं खाजवतात.

निळी छत्री

@स्टीलप्रेमी, खडबडीत रस्त्यावर तुमच्या गाडीत मागे कोणी झोपून बघितलंय का? आम्ही स्टीलच्या आठ ताटल्या एकावर एक रचून नेल्या होत्या. धाकटी म्हणाली, "आई, मागे कोणीतरी झांजा वाजवतंय." पुढच्या मुक्कामी प्रत्येक ताटलीमध्ये एकेक पुसायचं फडकं घातलं तेव्हा शांतता झाली. आणि गरम सूप स्टीलच्या वाडग्यात घेतलं तर वाडगा धरायचा कुठे?

ताई, पस्तावण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते: घडीचे सिलिकोनचे वाडगे. दुकानात बघितले तेव्हा वाटलं, हे तर आपल्यासाठीच केलेत. चपटे होतात, जागा वाचते. प्रत्यक्षात गरम काही ओतलं की भिंती मऊ पडतात, एका हाताने उचलायला गेलं की वाडगा मध्येच घडी होतो. कपडे धुवायच्या साबणाशेजारी चार दिवस राहिले, तर त्या साबणाचा वास महिनाभर गेला नाही. आता त्यात कपड्यांचे चिमटे असतात.

एनॅमलचे मग मात्र आवडतात. टवके उडतात, खरं आहे. आतलं पोलाद काळं दिसायला लागतं आणि गंजतं. पण चहा थंड झाला तर मग उचलून सरळ मंद गॅसवर ठेवता येतो. आतून, ओठाच्या जागी टवका उडाला की तो मग ब्रश ठेवायला.

भटारखाना

ताई, ताटल्या कसल्या घ्यायच्या ते सावकाश बघू. आधी मला तीन गोष्टी सांगा. कपाट गाडीच्या कोणत्या अंगाला आहे? आतून त्याची खोली किती सेंटिमीटर? दाराची कडी कसली? एकोणीस वर्षं जहाजावर भटारखाना सांभाळलाय, आता निवृत्तीनंतर चाकांवर असतो. "ताटल्या फुटल्या" असं कोणी सांगितलं की मी आधी कपाट बघायला जातो.

चाकावरची

@भटारखाना काका, आत्ता खाली जाऊन मोजून आले. कपाट डाव्या भिंतीला, दार गाडीच्या मधल्या वाटेकडे उघडतं. खोली ३४ सेंटिमीटर. कडी म्हणजे ते दाबायचं गोल बटण असतं ना, दाबलं की आत बसतं, परत दाबलं की बाहेर येतं, ते. आतला कप्पा गुळगुळीत, सनमायका लावलेला. खाली काहीही अंथरलेलं नव्हतं (लाज वाटतेय लिहायला). आणि मोठ्या ताटल्या २७ सेंटिमीटरच्या.

भटारखाना

लाज कसली, सगळ्यांची पहिली खेप अशीच जाते. माझी पहिली खेप ऐकाल तर तुम्हाला बरं वाटेल, पण ती पुन्हा कधीतरी.

आता बघा. कपाट डाव्या भिंतीला. गाडी डावीकडे वळली की आतलं सगळं उजवीकडे जायला बघतं, आणि उजवीकडे काय आहे? दार. ३४ च्या कपाटात २७ ची ताटली, म्हणजे तिला धावायला सात सेंटिमीटर मोकळं मैदान. खाली गुळगुळीत सनमायका. जरा नेटाने घेतलेल्या वळणावर वजनाच्या एक तृतीयांशाएवढा जोर सहज आडवा पडतो. तुमच्या तेरा किलोंचे झाले चार किलो, तेही नुसते टेकलेले नाहीत, पळत येऊन आदळलेले. ते बटण दार मिटलेलं राहावं म्हणून असतं, बारा-तेरा किलोंचा धक्का झेलायला नाही. म्हणजे त्या दिवशी आधी कडी सुटली, ताटल्या नंतर फुटल्या. तिथे मेलामाइन असतं तर फुटलं नसतं कदाचित, पण सगळा ढीग तुमच्या मानेपर्यंत उडत आला असता. जोराचा ब्रेक लागला की सुटं सामान कुठपर्यंत जातं ते तुम्ही बघितलंच आहे: ड्रायव्हरच्या सीटपर्यंत.

जहाजावर समुद्र खवळला की आम्ही जेवणाच्या टेबलावर चादर ओली करून अंथरायचो. ओल्या कापडावर ताटली घसरत नाही, एवढी साधी गोष्ट. टेबलाला कडेने उंच पट्ट्या असायच्या. ताटल्या भिंतीतल्या खाचांमध्ये, एकेक, घट्ट, आणि शक्य तितक्या खाली. तिथे चिनी मातीच्याच ताटल्या होत्या, चांगल्या जाड आणि बोजड. वादळात त्या फुटत नसत. फुटायच्या त्या धुताना, नवीन पोराच्या हातून.

तेव्हापासून कानाला एक सवय लागली. किणकिण ऐकू आली की काहीतरी हलतंय. हलतंय म्हणजे घासतंय. घासलेल्या काचेवर बारीक ओरखडे पडतात, आणि काच जेव्हा फुटते तेव्हा अशा ओरखड्यापासूनच फुटायला सुरुवात होते. म्हणून गाडीत आवाज शोधा. रेडिओ बंद करून एकाने हळू गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे उभं न राहता, बसून, पट्टा लावून, नुसतं ऐकायचं. कुठलं कपाट बोलतंय ते कळतं.

तुमच्या गाडीत मी काय केलं असतं ते सांगतो. जेवणाची भांडी वरच्या कपाटातून काढून ओट्याखालच्या खणात नेली असती. खण गाडीच्या मध्याजवळचा, दोन चाकांच्या मधला मिळाला तर सोन्याहून पिवळं. मागच्या चाकांच्या मागे जेवढं जाल तेवढं खड्ड्यात जास्त उसळतं. वर कोरडं, हलकं सामान: बिस्किटं, टिश्यू, कपडे. खणात रबराची जाळीदार चटई अंथरायची, ती कापून मिळते. ढिगाभोवती लाकडाच्या चार खुंट्या, आणि ताटल्यांना हलायला एक बोटभरसुद्धा जागा ठेवायची नाही. दोन ताटल्यांमध्ये जुन्या टॉवेलचा गोल तुकडा. नवऱ्याचा टॉवेल घ्या, विचारू नका. मगांना जुने मोजे घालायचे. हसू नका, मोज्यासारखं आवरण विकत मिळत नाही.

आणि किती? दोन माणसं आहात. चार ताटल्या, चार वाडगे, चार मग. छोटी ताटली रद्द, वाडग्याच्या बुडाखाली घ्यायला मोठी ताटली पुरते. पाचवा पाहुणा आला तर तो पातेल्याच्या झाकणात जेवेल, आणि ती गोष्ट पुढे दहा वर्षं सांगेल. तुमचे तेरा किलो निम्म्याने इथेच उतरले. अजून नवीन काही घेतलेलं नाही.

पावणेदोन

काकांच्या प्रतिसादाला +१. वजनाबद्दल थोडी भर घालतो, कारण "स्टील जड असतं" आणि "काच जड असते" हे दोन्ही अर्धवट आहे.

२५ सेंटिमीटरची सपाट चकती धरा, क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर. स्टीलची घनता ७.९, पण ताटलीचा पत्रा ०.६ मिलिमीटरचा असला तरी पुरतो: २३० ग्रॅम. मेलामाइनची घनता १.५ च्या आसपास, पण ते ३ मिलिमीटर जाड करावं लागतं: २२० ग्रॅम. म्हणजे दोघं जवळजवळ सारखेच. ओपल काच (ती दुधासारखी पांढरी, अपारदर्शक काच) २.५ घनतेची, जाडी २.७ मिलिमीटर: ३३० ग्रॅम. भाजलेल्या मातीची ताटली ६ मिलिमीटर जाड: पावणेसातशे ग्रॅमच्या पुढे. ताईंच्या २७ सेंटिमीटरच्या ताटलीला हेच गणित लावलं तर आठशेच्या आसपास येतं, त्यांचा काटा बरोबर आहे. तेव्हा दुकानात जाताना कोणता पदार्थ यापेक्षा किती जाडी हे बघा. मेलामाइनही उगाच जाड केलेलं मिळतं, हातात "दर्जेदार" वाटावं म्हणून.

ओपल काचेचं म्हणाल तर ती पातळ असून टिकते, त्यामागे युक्ती आहे. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये कोरेल बाजारात आणलं, त्यात काचेचे तीन थर एकत्र चिकटवलेले असतात. थंड होताना बाहेरचे दोन थर दाबाखाली राहतात आणि मधला ताणाखाली. बाहेरचा दाब मोडल्याशिवाय तडा आत शिरत नाही. बाकीच्या बऱ्याच ओपल ताटल्या एकाच थराच्या असतात, पण तापवून अचानक थंड केलेल्या, म्हणजे टेम्पर्ड. तत्त्व तेच. आणि काका ओरखड्यांबद्दल म्हणाले ते इथे दुपटीने खरं आहे: वरची कातडी खोल कापली गेली तर आतला साठलेला ताण एकदम मोकळा होतो.

@उनाडटप्पू, मेलामाइन चांगलंच आहे, पण "विषय संपला" म्हणू नका. ते मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडचं रेझिन आहे. वाढायला ठीक, तापवायला नाही. मायक्रोवेव्हमध्ये कधीच घालू नये. जर्मनीची सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्था ७० अंशांच्या वरच्या पदार्थांसाठी ते वापरू नका असं सांगते. आंबट आणि कढत असं दोन्ही असेल, तर दोन्ही घटक अन्नात उतरायचं प्रमाण वाढतं. युरोपीय संघात भांड्यातून अन्नात उतरणाऱ्या मेलामाइनची मर्यादा अन्नाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा सॅलड, फळं, कोमट जेवण, बिनधास्त. उकळती कॉफी आणि टोमॅटोचं कढत सूप, दुसऱ्या भांड्यात.

आणि "बांबूचे" म्हणून विकतात ते कप! त्यातले बरेचसे म्हणजे मेलामाइनच्या रेझिनमध्ये मिसळलेली बांबूची भुकटी. युरोपीय संघात प्लास्टिकमध्ये असा बांबू मिसळून अन्नाची भांडी करायला परवानगी नाही, २०२१ मध्ये ती बाजारातून काढायला मोहीमच निघाली होती. "नैसर्गिक" हा शब्द वाचून खिशात हात घालू नका.

उनाडटप्पू

@पावणेदोन, अरे बापरे. मी सहा वर्षं त्याच मगात उकळती कॉफी पितोय. आतून तपकिरी पडलाय, ते कॉफीमुळे ना?

पावणेदोन

ते कॉफीमुळेच. खायच्या सोड्याची पेस्ट ओल्या बोटाने फिरवा, बरंचसं जाईल. तारेच्या घासणीने घासू नका, चकाकी गेली की डाग अजून धरतो. घाबरून जायचं कारण नाही, पण मग बदला.

चाकावरची

केवढं शिकायला मिळालं! काका, नवऱ्याचा टॉवेल कापून झाला. त्याला अजून कळलेलं नाही.

आता माझा कल ओपल काचेकडे आहे. चेहऱ्याने तरी ती घरच्यासारखी दिसते. पण "फुटणारं नको" म्हणून धागा काढला आणि काचच घेतेय, हे जरा विनोदी वाटतंय. कोणाची ओपल ताटली प्रत्यक्ष फुटलीय का?

निळी छत्री

आमची फुटलीय. दोन वर्षं चांगली चालली, दोन-तीनदा हातातून पडली तरी काही झालं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मग एके दिवशी सिंकच्या काठावर, फार उंचावरून नाही, कडेवर आपटली आणि अक्षरशः उडाली. चिनी मातीची फुटते तेव्हा चार तुकडे होतात, ते उचलता येतात. हिचे सुईसारखे कपचे झाले. गाडीत जागा ती किती, सगळं अंथरूण, चपला, कुत्र्याचं पांघरूण, जिकडे तिकडे. चार महिन्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई झटकली तेव्हा एक कपचा चमकला.

तरीही आम्ही परत तीच घेतली. दोन वर्षांत एक, हा हिशेब मला परवडतो. फक्त आता मुलांना ताटल्या धुवायला देताना सिंकमध्ये फडकं अंथरते, आणि गाडीत अनवाणी फिरायचं बंद. मुलांच्या ताटल्या मेलामाइनच्याच आहेत.

भटारखाना

छत्रीताईंनी लिहिलं ते सोळा आणे खरं. अशी ताटली फुटत नाही तोवर फुटत नाही. टवका दिसला, काठावर नखाला खरखर लागली, की तिला निवृत्त करायचं. कुंडीखाली ठेवा.

मी काय वापरतो ते राहिलंच. ताटल्या ओपल काचेच्या, चार. वाडगे मेलामाइनचे, बुडाला रबराची कडी असलेले. तिरप्या जागी गाडी लावली तरी टेबलावरून सरकत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. कढत सूप मात्र मी त्यात ओतत नाही, पातेल्यातच जरा निवू देतो. मग स्टीलचे, दुहेरी भिंतीचे. ओठ भाजत नाहीत, चहा लवकर निवत नाही, आणि वाऱ्यात बाहेर बसलं तर उलटत नाहीत. रिकामी प्लास्टिकची ताटली आणि वारा यांचं काय होतं ते तुम्ही एकदा अनुभवालच. शेजारच्या गाडीवाल्याकडून परत आणायची.

पाण्याचे पेले ट्रायटनचे. ईस्टमन कंपनीने २००७ मध्ये आणलेलं प्लास्टिक आहे, बीपीए (बिस्फेनॉल-ए, काही प्लास्टिकमध्ये असतं ते रसायन) नसतं, दिसतं काचेसारखं. एकात एक घट्ट दाबून ठेवू नका, अडकतात आणि आतून ओरखडून धुरकट होतात. त्याआधी माझ्याकडे पॉलिकार्बोनेटचे होते. ते मजबूत, पण ते बनतं बीपीएपासून, आणि कढत पाण्याने धुऊन धुऊन त्यांना बारीक जाळं पडलं. टाकले.

एकच सगळ्यासाठी पुरेल असं काही शोधू नका. प्रत्येक भांड्याला काय सोसायचंय ते बघा: ताटलीला सुरी सोसायचीय, मगाला उकळतं पाणी, वाडग्याला तिरपं टेबल.

अजून एक, घ्यायच्या आधी मोजा. मायक्रोवेव्हची फिरती तबकडी, सिंकचं तोंड, खणाची आतली रुंदी. या तिघांत जे सगळ्यात लहान असेल, त्याहून ताटली लहान हवी.

चाकावरची

काका, तुमचं ऐकून आत्ताच मोजलं. फिरती तबकडी २४.५. सिंकचं तोंड ३०. खण ५२ रुंद. म्हणजे माझी २७ ची ताटली मायक्रोवेव्हमध्ये फिरताना कोपऱ्यात अडकायची ती यामुळे! मी आपली दर वेळी जेवण अर्धं फिरवून, थांबवून, हाताने वळवत होते. वर्षभर.

काठावरचा प्रवासी

थोडं अवांतर. वजनाचं सगळं मान्य, पण माझ्या गाडीत एक हाडांच्या राखेच्या चिनी मातीचा कप आहे. बशीसकट. बायकोचा होता. पातळ आहे, वजन दीडशे ग्रॅमही नसेल. दोन मोज्यांत गुंडाळून स्वेटरांच्या खणात असतो. नऊ वर्षं झाली. स्टीलच्या मगातला चहा आणि त्यातला चहा एक नसतो, कोणी काही म्हणो.

चाकावरची

@काठावरचा प्रवासी, हे वाचून खाली गेले आणि तो गादीवर पडून वाचलेला मग बाजूला काढला. ३९० ग्रॅम. तो राहणार.

स्टीलप्रेमी

दुहेरी भिंतीचे मग स्टीलचेच असतात हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. शेवटी आलात ना.

चाकावरची

तीन आठवड्यांनी परत येतेय, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

घेतलं ते असं: ओपल काचेच्या चार ताटल्या, २४ सेंटिमीटरच्या, काठ जरा उंच, म्हणजे पातळ पदार्थही सांडत नाही. काट्यावर एकेक ३१० ग्रॅम. रबरी कडीचे चार मेलामाइन वाडगे, १६० चा एकेक. दुहेरी भिंतीचे स्टीलचे तीन मग, २०० चे. आणि चौथा तो वाचलेला. पेले आधीचेच ठेवले. सगळं मिळून २ किलो ८७०. म्हणजे जवळजवळ दहा किलो कमी, तेवढ्यात दहा लिटर पाणी जास्त भरता येतं. मला केस धुता येतात, हा माझा हिशेब.

सगळं ओट्याखालच्या मधल्या खणात. खुंट्या नवऱ्याने बसवल्या. टॉवेल कशासाठी कापला ते तेव्हा त्याला कळलं, पण खुंट्या इतक्या छान बसल्या होत्या की तो काही बोलला नाही. वरच्या कपाटाची दोन्ही बटणं बदलली, एकाचा आतला आकडा वाकलेलाच निघाला. तिथे आता बिस्किटं आणि पांघरुणं.

मेलामाइनमध्ये कढत सूप ओतायचं नाही हे लक्षात ठेवणं अवघड जातंय. दोनदा विसरले. मायक्रोवेव्हच्या दारावर कागद चिकटवलाय: "पांढरी गोल चालेल, हिरवी नाही." वाडगे मुद्दाम हिरवे घेतले होते त्याचा हा फायदा झाला. घेताना मला फक्त रंग आवडला होता.

काल आठशे मीटर खडीचा रस्ता होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी मागे पट्टा लावून बसले, रेडिओ बंद. ताटल्यांचा खण गप्प. पण कुठूनतरी बारीक, एका लयीत टिंग, टिंग येतंच होतं. इतके दिवस ते ताटल्यांच्या आवाजात झाकलं गेलं असणार.

भटारखाना

शेगडीखाली ग्रील आहे का? असेल तर त्याची जाळी. दहातल्या सात गाड्यांत तीच असते. दोन्ही टोकांना कापडाची पट्टी गुंडाळा, फक्त पेटवायच्या आधी आठवणीने काढा.

चाकावरची

काका, जाळी काढून गादीवर ठेवली आणि परत एक फेरी मारली. आवाज अजून येतोय. उद्या चमच्यांचा खण रिकामा करून बघते.